आंतरजालावरील ग्रंथप्रती व त्यांची पुष्पिका

प्रस्तुत लेखाचा विषय ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनीं कांहींसा परका वाटण्याचा संभव आहे. पोथ्या, बखरी, सनदा, महजर ह्यांची उठाठेव करणारीं आपण माणसें. संगणक, मोबाइल व आंतरजाल ह्यांचा ऊहापोह अन्यत्र व्हावा, असें कोणी म्हटल्यास तें अगदींच गैर म्हणतां येणार नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं मीही असेंच म्हणत असें. परंतु आज तालुक्याच्या गांवीं राहणारा शिक्षक अथवा विद्यार्थी जुना मराठी कागद किंवा संस्कृत ग्रंथ वाचावयास बसतो, तेव्हां त्याच्या हातीं प्रथम येते ती आंतरजालावरून विनामूल्य मिळालेली प्रत. ती कोणीं केली, कशावरून उतरली, तींत कोणत्या जातीचे दोष संभवतात, हें त्यास कोणी सांगत नाहीं. हें ओळखण्याची विद्या मात्र आपणांपाशीं आहे. तिला आपण पाठचिकित्सा म्हणतों, आणि आजवर ती हस्तलिखितांपुरती राखून ठेविली आहे.

ह्या विचारास निमित्त झालें तें असें. दोन वर्षांपूर्वीं पदवीच्या वर्गांत शिकणारी एक मुलगी उत्तर पेशवाईंतील एका सरदाराच्या मुलुखगिरीवर निबंध लिहीत होती. तिच्या गांवीं ग्रंथसंग्रह म्हणण्यासारखा नाहीं. वाचनालय आहे, परंतु त्यांत कादंबऱ्या व स्पर्धापरीक्षांचीं पुस्तकें. तिनें सर्व आधार आंतरजालावरून मिळविले व निबंध तपासण्यासाठीं मजकडे धाडला. त्यांत तिचा स्वतःचा असा एक शोध होता. एका पत्रावरून सदर सरदार छ १ रबिलाखर रोजीं एका मुक्कामीं होता. दुसऱ्या पत्रावरून छ ५ रबिलाखर रोजीं तो त्याच वाटेवर चार मजला अलीकडे होता, आणि दोन्ही पत्रांवरून स्वारी पुढेंच चालली होती. पुढें पोंचलेला मनुष्य मागें कसा? तेव्हां ह्या नांवाचे गृहस्थ दोन असले पाहिजेत, असें अनुमान करून तें तिनें बऱ्याच युक्तिवादानें सजविलें होतें. मला तें पटलें. मीं समासांत शाबासकीही लिहिली, आणि निबंध स्पर्धेस गेला. तीन आठवड्यांनीं निराळ्याच कामासाठीं त्या छापील खंडाचें तेंच पृष्ठ पाहण्याचा प्रसंग आला, तेव्हां दिसलें कीं, तेथें १ नसून ९ आहे. पांचव्या चंद्रीं अलीकडे असलेला मनुष्य चार मजला करून नवव्या चंद्रीं पुढच्या मुक्कामीं पोंचला, इतकीच साधी गोष्ट. दुसरे गृहस्थ नाहींसे झाले. मुलीनें विचारलें, "सर, म्हणजे तें पुस्तक चुकीचें आहे का?" पुस्तक बरोबर होतें. तिनें वाचलें तें पुस्तक नव्हतेंच. एका यंत्रानें केलेली पुस्तकाची नक्कल होती. नक्कल हातीं आली असतां मूळ पाहावें, हें उभा जन्म मुलांस सांगणाऱ्या मीं तें स्वतः केलें नव्हतें. दोष तिचा नव्हे, माझा.

आंतरजालावर जें जुनें वाङ्मय फुकट मिळतें तें एकजिनसी नाहीं, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. त्याच्या मुख्यतः तीन जाती आहेत. पहिली छायाप्रतींची, म्हणजे ज्यास व्यवहारांत स्कॅन म्हणतात ती; छापील पुस्तकाच्या अथवा पोथीच्या पानांचीं केवळ चित्रें. अमेरिकेंत १९९६ सालीं स्थापन झालेल्या इंटरनेट आर्काइव्ह ह्या संस्थेच्या भांडारांत अशा प्रती अगणित आहेत. आपल्याकडे डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया ह्या नांवाची सरकारी योजना होती. तिच्यांत देशभरच्या ग्रंथालयांतील लक्षावधि ग्रंथ छायांकित झाले. ती योजना त्या रूपानें आतां चालू नाहीं, परंतु तिचा बराचसा संचय आर्काइव्हवर उतरून घेतलेला आहे. १८९८ सालीं ज्यांचा पहिला खंड निघाला ते राजवाड्यांचे 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्या मालेंतील खंड, तसेच सरदेसायांनीं १९३० ते १९३४ ह्या काळांत संपादिलेले पेशवे दप्तराचे खंड तेथें पाहावयास मिळतात. आमच्या उमेदीच्या काळीं ह्यांतील एक खंड पाहण्यासाठीं रजा काढून पुण्यास जावें लागे, आणि तेथें गेल्यावर तो बांधणीस गेला आहे असेंही कळे.

दुसरी जात टंकित प्रतींची. कोणी जाणत्या मनुष्यानें छापील आवृत्ति पुढें ठेवून अक्षर अक्षर संगणकांत उतरविलेला हा पाठ. जर्मनींत गॉटिंगेन येथील ग्रंथालयानें २००१ सालापासून जमविलेली संस्कृत व इतर भारतीय भाषांतील ग्रंथांची मोठी पेढी ह्या जातीची आहे. अभ्यासकांत ती ग्रेटिल ह्या आद्याक्षरी नांवानें प्रसिद्ध आहे.

तिसरी जात यंत्रवाचित प्रतींची, आणि त्या मुलीस फसविलें तें हिनें. छायाप्रतीचें चित्र यंत्रास दाखवून त्याच्याकडून अक्षरें ओळखवून घेतात. ह्यास ओसीआर म्हणतात. आर्काइव्हवरील पुष्कळ ग्रंथांच्या पाठीमागें असा यंत्रवाचित पाठ आपोआप जोडलेला असतो, आणि शोध घेतला असतां हातास लागतो तो हाच. पूर्वीं ह्या यंत्रांस देवनागरी मुळींच येत नसे. मराठी पृष्ठाचा तीं रोमन अक्षरांचा अर्थहीन चिखल करून ठेवीत. त्या चिखलापासून निदान फसगत होत नसे. आतां त्यांचें वाचन पुष्कळच सुधारलें आहे, आणि धोका वाढला तो ह्यामुळेंच. पृष्ठांत वीस चुका असल्या म्हणजे वाचक सावध राहतो. एकच असली म्हणजे तो निजतो.

ह्या चुकांचें स्वरूप पाहिलें म्हणजे हस्तलिखितें चाळणारास जुन्या ओळखीची माणसें भेटल्यासारखें वाटतें. घ चा ध, भ चा म, ब चा व, ष चा प, थ चा य, ख चे रव. अंकांत ९ चा १. लेखनिकाच्या ज्या भ्रमांच्या याद्या आपण संपादकीय प्रस्तावनांत देत आलों, त्यांतील निम्म्या येथें जशाच्या तशा लागू पडतात, कारण अक्षराकृतींचें साम्य माणसास जसें चकवितें तसें यंत्रासही चकवितें. 'सरकारांत भरणा केला' ह्याचें 'सरकारांत मरणा केला' असें झालेलें मीं पाहिलें आहे. तेथें वाचक हसून दुरुस्ती करतो. अंक मात्र हसवीत नाहीं. चुकीचा अंकही अंकच असतो, आणि तो वाक्यांत निमूट बसतो. एका बाबतींत तर यंत्र लेखनिकाहून वाईट. लेखनिकास अक्षर लागलें नाहीं तर तो पुष्कळदां जागा मोकळी सोडी, किंवा शेवटीं तो सुपरिचित क्षमायाचनेचा श्लोक लिहून दोष आपल्या मूळ प्रतीवर टाकी. यंत्र संशय दाखवीत नाहीं.

छायाप्रतींसही दोष आहेत, ते निराळे. छायांकन करणारानें दोन पानें एकदम उलटलीं म्हणजे तेवढीं गळतात. समास कापला जाऊन ओळींचीं टोकें जातात. कोठें धरणाराच्या बोटाखालीं तळटीप लपलेली असते. मुखपृष्ठ नसल्यानें आवृत्ति कळत नाहीं. एका खंडाच्या नांवाखालीं दुसराच खंड निघतो, आणि ग्रंथांचीं नांवें रोमन लिपींत अशा रीतीनें बसविलेलीं असतात कीं, स्वतः ग्रंथकारास तीं ओळखतां आलीं नसतीं. गळलेल्या पानांचा धोका पत्रसंग्रहांत विशेष आहे. एका पत्राचा मायना व दुसऱ्याचा शेवट हे समोरासमोर येऊन एक तिसरेंच पत्र तयार होतें, आणि घाईनें वाचणारास त्यांत सांधा दिसत नाहीं. पोथीचें पत्र हरवलें तर पत्रांक पाहून आपण तत्काळ ओळखतों; छापील ग्रंथाच्या छायाप्रतींत पृष्ठांक पाहण्याची संवय आपणांस नाहीं, एवढाच काय तो फरक.

आतां पुष्पिकेविषयीं. हस्तलिखित हातीं आलें असतां आपण प्रथम शेवटचें पान उलटतों. लेखक कोण, शक कोणता, स्थळ कोणतें, कोणासाठीं लिहिलें, हें तेथें मिळालें कीं पोथीची योग्यता ठरवावयास आधार मिळतो. पुष्पिका नसली तर पोथी टाकून देत नाहीं, पण तिचा शब्द जपून घेतों. आंतरजालावरील प्रतीस हाच प्रश्न विचारावा. ग्रेटिलच्या बहुतेक पाठांच्या आरंभीं कोणत्या आवृत्तीवरून, कोणीं उतरविला, हें नमूद असतें. ती त्याची पुष्पिका. महाभारताचें उदाहरण घेऊं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेतलेली व १९६६ सालीं पुरी झालेली चिकित्सक आवृत्ति जपानांतील प्राध्यापक मुनेओ तोकुनागा ह्यांनीं संगणकांत उतरविली व केंब्रिजचे जॉन स्मिथ ह्यांनीं ती तपासून शुद्ध केली. आज जगांत कोणीही महाभारतांतील शब्द शोधतो तो बहुधा ह्या दोघांच्या श्रमावर. ह्या प्रतीची वंशावळ स्वच्छ आहे, म्हणून तिच्यावर भरंवसा ठेवतां येतो, आणि ती काय देत नाहीं हेंही सांगतां येतें. संपादकांनीं सिद्ध केलेली संहिता तींत आहे. प्रत्येक श्लोकाखालीं कोणत्या प्रतींत कोणता शब्द, ह्या पाठभेदांचा जो विस्तीर्ण संभार छापील आवृत्तींत आहे, तो तींत नाहीं. चिकित्सक आवृत्तीचा प्राण तर त्या तळटीपांतच. विद्यार्थ्यानें संगणकावर श्लोक शोधावा आणि मग छापील खंडाच्या छायाप्रतींत त्याच्या टीपा पाहाव्या; दोन्ही प्रती एकमेकींच्या उण्या भरून काढतात.

असल्या वंशावळीची प्रत विरळा. पुष्कळ ठिकाणीं ग्रंथाचें नांव व पाठ एवढेंच असतें. एकानें दुसऱ्याकडून उतरविलें, दुसऱ्यानें तिसऱ्याकडून, आणि एकाच टंकनदोषाचीं लेंकरें दहा ठिकाणीं नांदतात. वाचकास वाटतें कीं दहा साक्षी एकमतानें बोलतात. समान दोष हें समान कुळाचें लक्षण, हा आपल्या शास्त्राचा पहिला पाठ. तो येथें जितका उपयोगी तितका क्वचितच अन्यत्र असेल.

दोषांचीच कथा सांगून थांबलों तर मोठा अन्याय होईल. शिक्षकाच्या दृष्टीनें खरें धन आहे तें कोशांचें, आणि त्याविषयीं लिहितांना मला हात आंखडतां येत नाहीं. जर्मनींतील कोलोन विद्यापीठांत १९९४ सालापासून संस्कृत कोश संगणकांत उतरविण्याचें काम चाललें आहे. मोनियर विल्यम्सचा १८९९ चा कोश तेथें पहिला आला. आज बोथलिंग व रोथ ह्यांचा १८५५ ते १८७५ ह्या काळांत निघालेला सप्तखंडात्मक कोश, शब्दकल्पद्रुम, वाचस्पत्य आणि आपल्या वामन शिवराम आपट्यांचा १८९० चा कोश, हे सर्व एका जागीं विनामूल्य पाहतां येतात. आपटे तो कोश छापून झाल्यावर दोनच वर्षांनीं, ऐन चौतिशींत वारले. गोडे व कर्वे ह्यांनीं १९५७ ते १९५९ मध्यें तीन भागांत काढलेली त्याची वाढविलेली आवृत्ति शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक संग्रहांत आहे. त्याच संग्रहांत मोल्सवर्थच्या मराठी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ति, दाते-कर्वे प्रभृतींचा महाराष्ट्र शब्दकोश, यादवकालीन मराठीसाठीं तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस ह्यांचा १९९९ चा कोश, आणि फारसी शब्दांसाठीं स्टाइनगासचा १८९२ चा कोश, असे चार आधार आहेत. मराठी कागद वाचणारास ह्याहून अधिक काय पाहिजे? महाराष्ट्र शब्दकोशाचे सर्व खंड घरीं असलेलीं घरें मीं बोटांवर मोजण्याइतकीं पाहिलीं. आज तो कोश मोबाइल खिशांत असलेल्या कोणत्याही मुलाच्या खिशांत आहे, आणि बहुतेकांस ही गोष्ट ठाऊक नाहीं.

मोल्सवर्थच्या संगणकी प्रतीचा एक उपयोग असा आहे कीं, जो छापील प्रतीनें होणेंच शक्य नव्हतें. तेथें मराठी शब्दावरून जसा अर्थ सांपडतो, तसा अर्थांत आलेल्या इंग्रजी शब्दावरूनही शोध घेतां येतो. नांगर, जमीनमहसूल, होडी अशा अर्थाचा इंग्रजी शब्द घातला म्हणजे त्या व्यवहाराचे जेवढे मराठी शब्द त्या कोशांत नोंदले आहेत ते एका यादींत उभे राहतात. शिक्षकांनीं ह्याचा उपयोग करून पाहावा. सेवानिवृत्तीनंतर कांहीं मुलें मजकडे जुने कागद वाचावयास येतात. त्यांस मी एक पत्र देतों व रवासुदगी, तैनात, मोईन, कतबा, महजर, किर्द, तेरीज असे शब्द काढून ते प्रथम मोल्सवर्थमध्यें, मग महाराष्ट्र शब्दकोशांत, शेवटीं स्टाइनगासमध्यें पाहावयास सांगतों. एका शब्दाचा अर्थ तिन्ही ठिकाणीं सारखा निघत नाहीं. फारसींतला मूळ अर्थ, पेशवाईंतला दफ्तरी अर्थ व मोल्सवर्थच्या काळचा बोलींतला अर्थ ह्यांतील अंतर पोरांस आपलें आपण दिसूं लागतें, आणि ज्या दिवशीं तें दिसतें त्या दिवसापासून तीं पत्राचा अर्थ मला विचारीत नाहींत, मजशीं वाद घालतात. दुसरा अभ्यास ताळा घेण्याचा. यंत्रवाचित पाठाचें एक पृष्ठ व त्याचीच छायाप्रत समोरासमोर ठेवून प्रत्येकानें चुका मोजावयाच्या व त्यांची वर्गवारी लावावयाची. त्या मुलीच्या प्रसंगानंतर हा अभ्यास मीं सक्तीचा केला आहे.

ह्या शोधाच्या सोयींत मात्र एक गुप्त खळगा आहे, आणि त्यांत मी स्वतः पडलों असल्यामुळें त्याची खूण सांगणें कर्तव्य आहे. एका स्थानिक सभेंत निबंध वाचतांना मीं ठासून सांगितलें कीं, अमुक शब्द अमुक संस्कृत ग्रंथांत कोठेंही येत नाहीं. संगणकानें सबंध ग्रंथ शोधून 'नाहीं' असें उत्तर दिलें होतें. सभा संपल्यावर एका वृद्ध गृहस्थांनीं पिशवींतून पुस्तक काढून तो शब्द दाखविला. स्वरानें आरंभ होणारा तो शब्द संधींत विरघळून गेला होता. 'अश्व' शोधणारास 'तस्याश्वः' मधील अश्व सांपडत नाहीं, 'इन्द्र' शोधणारास 'महेन्द्र' दिसत नाहीं. यंत्र आकृति जुळवितें, व्याकरण जाणत नाहीं. संस्कृत शिकविण्यांत जन्म घालविलेल्या मनुष्यास हें अगोदर सुचूं नये, ह्याची लाज अजून वाटते. परसवर्णाचा घोटाळा ह्याच कोटींतला: 'पण्डित' व 'पंडित', 'अङ्ग' व 'अंग' हीं यंत्रास वेगळीं अक्षरें. मराठींत तर आणखी अडचणी. १९६२ सालीं शुद्धलेखनाचे नवे नियम सरकारमान्य झाले आणि बरेचसे अनुच्चारित अनुस्वार गेले. म्हणून 'गाव' शोधणारास जुन्या ग्रंथांतील 'गांव' मिळत नाहीं, 'नाही' शोधणारास 'नाहीं' मिळत नाहीं. मी अजून जुन्याच रीतीनें लिहितों, तेव्हां हा लेखही पुढें कोणास शोधून सांपडेल कीं नाहीं, शंका आहे. 'दऱ्या', 'तऱ्हा' ह्यांतील आडव्या रफाराचें जोडाक्षर संगणकांत दोन भिन्न रीतींनीं सांठविलें जातें. डोळ्यास दोन्ही एकच दिसतात, यंत्रास मात्र ते दोन शब्द. सारांश, 'सांपडलें' हें यंत्राचें उत्तर पडताळून घेतां येतें. 'सांपडलें नाहीं' ह्या उत्तरावर कोणताही सिद्धांत उभारूं नये. शोधावयाचा शब्द तीनचार लेखनांनीं घालून पाहावा, आणि त्यानंतरही तोंडानें 'आढळला नाहीं' इतकेंच म्हणावें, 'नाहीं' म्हणूं नये.

मोडीसंबंधीं दोन शब्द. विसाव्या शतकाच्या मध्यास ही लिपि शाळांतून व कचेऱ्यांतून गेली, त्यामुळें दप्तरें राहिलीं आणि वाचणारे संपत चालले. २०१४ सालीं युनिकोड ह्या जागतिक अक्षरसंकेतांत मोडीस स्वतंत्र स्थान मिळालें. तेव्हांपासून मोडी अक्षर संगणकांत मोडी म्हणूनच सांठवितां येतें, देवनागरीचा सोंगाड्या वेष घ्यावा लागत नाहीं. त्यासाठीं लागणारे टंकही विनामूल्य मिळतात. २०२५ सालीं रुरकीच्या आय. आय. टी. मधील संशोधकांनीं शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन अशा दोन हजारांहून कांहीं अधिक मोडी चित्रांचा, देवनागरी लिप्यंतरासह, संग्रह सिद्ध केला व त्यावरून यंत्रास मोडी वाचावयास शिकविण्याचा यत्न चालविला आहे. प्रयत्न स्तुत्य आहे, आणि तो आपल्या कोणाच्या पोटावर पाय देणारा नाहीं. मोडींत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळलेला नसतो, शब्द तोडलेले नसतात, संक्षेप घरोघर निराळे. 'दिन' कीं 'दीन', हें अक्षरावरून ठरत नाहीं, प्रसंगावरून ठरतें. यंत्रास प्रसंग शिकवावयाचा तर त्याच्यापुढें शुद्ध लिप्यंतरें ठेविलीं पाहिजेत, आणि तीं लिहिणारीं माणसें ह्या त्रैमासिकाच्या वाचकांतच आहेत.

येथें प्रश्न आपल्या संग्रहांचा येतो. २००३ सालीं राष्ट्रीय पांडुलिपि मिशन सुरू झालें. २०२५ च्या अर्थसंकल्पांत 'ज्ञान भारतम्' ह्या नांवानें एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचें सर्वेक्षण, नोंद व जतन करण्याची योजना जाहीर झाली, आणि तींत खाजगी संग्राहकांचाही उल्लेख आहे. पण सरकारी माणूस आपल्या माडीवर येईपर्यंत वाट पाहावी कां? १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां पुण्याच्या नदीकांठच्या पेठांतून कित्येक घरांचे कागद वाहून गेले. २००४ च्या जानेवारींत भांडारकर संस्थेवर हल्ला होऊन तेथील ग्रंथांची नासधूस झाली. ज्या कागदाची दुसरी प्रत कोठेंही नाहीं तो एका पावसाचा किंवा एका दुपारचा धनी असतो.

संग्राहकांची नाखुषी मला माहीत आहे. कागद एकदां सर्वांस दिसला म्हणजे त्याची किंमत जाते, दुसराच कोणी तो छापून नांव मिळवितो, अशी भीति असते. पहिली भीति मला खरी वाटत नाहीं. छायाप्रत प्रसिद्ध झाल्यानें मूळ कागदाची पूस वाढल्याचेंच मीं पाहिलें आहे. दुसरी खरी आहे. त्यावर उपाय, कागद लपविणें हा नसून त्यावर आपली पुष्पिका बांधणें हा आहे. संग्राहकाचें नांव, कागद कोठून आला, किती बंद, कोणत्या रुमालांत होता, छायांकनाची तिथि, आणि कांहीं गळलें असल्यास तें काय, इतकें पहिल्या चित्रांतच कागदावर लिहून ठेवावें, म्हणजे प्रत कोठेंही गेली तरी नांव तिच्याबरोबर जातें. चित्र घेतांना कडा कापूं नयेत. पाठकोऱ्या बाजूही घ्याव्या. शिक्के, मोर्तब व पाठीवरची नोंद पुष्कळदां तेथेंच असते. शेजारीं मोजपट्टी ठेवावी. कायद्याची अडचण जुन्या हस्तलिखितांस सहसा येत नाहीं. छापील ग्रंथांच्या बाबतींत १९५७ च्या कायद्याप्रमाणें ग्रंथकाराच्या हयातींत व त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षें हक्क राहतो. राजवाडे १९२६ सालीं वारले, सरदेसाई १९५९ सालीं, म्हणून त्या दोघांचें स्वतःचें लेखन आतां सर्वांचें झालें आहे. अलीकडच्या ग्रंथांची मात्र छायाप्रत काढून कोणी वाटूं नये. शिकागोच्या संग्रहांतील नवे कोश पाहावयास मोकळे आहेत, उतरून घेऊन छापावयास नव्हेत, हा भेद मुलांस सांगितला पाहिजे.

शेवटीं एक विनंती. गेल्या वर्षापासून, ज्या छापील ऐतिहासिक पत्रसंग्रहांच्या छायाप्रती माझ्या विद्यार्थ्यांच्या वापरांत आहेत, त्यांतील गळलेल्या पृष्ठांची मी यादी करीत आहें. आजवर एकोणीस खंड पृष्ठांक लावून पाहिले. त्यांपैकीं सातांत पानें गळलेलीं आढळलीं, एकांत तर सलग सोळा पृष्ठांचा एक फर्माच नाहीं. पांच खंडांचीं पृष्ठें इतर प्रतींवरून मिळवून संबंधित ठिकाणीं पुष्पिकेसह जोडलीं आहेत. उरलेल्या दोन खंडांच्या मूळ छापील प्रती मला कोठेंही मिळाल्या नाहींत. खंडांचीं नांवें व पृष्ठांक लिहून यादी संपादकांकडे दिली आहे. ज्यांच्या संग्रहीं ते खंड असतील त्यांनीं ती यादी मागवून तेवढ्या पृष्ठांचीं चित्रें संपादकांकडे पाठविल्यास मी आभारी होईन. मोबाइलवर काढलेलीं चित्रेंही चालतील, मात्र पृष्ठांक दिसला पाहिजे.